विचारलं तेवढंच

घरात माणसं किती, एवढाच प्रश्न मी विचारला होता. कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, खटकचिंचोळीच्या आमच्या मराठी शाळेतला सहावीचा वर्ग. फळ्यावर मी तक्ता आखला होता, एकेक मूल उठून आकडा सांगत होतं आणि मी तो रकान्यात भरत होतो. शिवकन्येची पाळी आली. ती उठली, वेणी मागे टाकली आणि म्हणाली, "सर, जेवायला असतात ती सांगू का झोपायला असतात ती?"

वर्ग खो खो हसला. यात फरक काय, असं मी विचारायला गेलो आणि फसलो. बाईसाहेब सुरूच झाल्या. काका रानात झोपतो पण जेवायला घरी येतो. आत्या जेवून शेजारच्या म्हातारीला सोबत म्हणून झोपायला जाते. थोरला भाऊ उदगीरला शिकायला आहे, तो महिन्यातून एकदा येतो, पण आई त्याच्या वाटणीची भाकरी रोज थापते. मी फळ्यावर खडू आपटला. "विचारलं तेवढंच सांग. आकडा सांग आणि खाली बस."

"सात," ती म्हणाली आणि बसली. तो आकडा बरोबर होता की नाही, हे मला आजही माहीत नाही.

मी नरहरराव, त्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. चौतीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन, त्याला गणती नाही. मुलांनी पानभर लिहिलेलं उत्तर तांबड्या शाईनं दोन ओळींवर आणायचं, ही माझी ख्याती होती आणि मला तिचा गर्व होता. गावात अजूनही कोणी पाल्हाळ लावला की लोक म्हणतात, नरहर सरांकडे पाठवा याला. हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं ते याच गुणामुळे झालं. आणि लिहायचं आहे शिवकन्येबद्दल, पण माझी ही खोड सांगितल्याशिवाय तिची गोष्ट सांगता येत नाही.

ती नववीत शाळा सोडून गेली. हुशार होती, पण हुशार मुलींनी शाळा सोडण्याची आमच्याकडे कोणी फारशी दखल घेत नाही, मीही घेतली नाही. पुढे आमच्याच तालुक्यातल्या मेहकरला श्रीपतरावांच्या घरी तिला दिली. नवरा हरिओम हैदराबादला गाडी चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. धाकटा दीर धनराज शेती बघतो. सासू सुशीलाबाई गुडघ्यांनी आणि बोटांच्या सांध्यांनी बेजार. म्हणजे घर शिवकन्येच्याच अंगावर. बाई उंच, काटक. तोंड चालू आणि हात त्याहून चालू. खताच्या पिशवीवरचा बारीक मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी मेहकरात ती एकटीच असावी. गावातल्या बायका गोळ्यांची पाकिटं घेऊन तिच्याकडे यायच्या. तारीख गेली आहे का, जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे ती बघून द्यायची आणि सोबत तीन गोष्टी न विचारता सांगायची.

श्रीपतरावांच्या अंगावरून वारं गेलं ते दिवाळीनंतर, खरिपाच्या ज्वारीच्या काढणीत. खळ्यावर उभे होते ते बसले आणि बसले ते उठेनात. उजवी बाजू गेली होती. बिदरला बारा दिवस ठेवलं. पाय काठीच्या आधारानं थोडा परत आला, बोलणं जड झालं तरी समजायचं, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. बासष्ट वर्षांचा माणूस, पहाटे चारला उठून बैल जुंपणारा, आता बाजेवर बसून डाव्या हातानं उजव्यावरची माशी हाकलायचा.

पुढच्या जूनच्या तोंडावर बंगळूरच्या एका संस्थेचा अभ्यास आमच्या भालकी तालुक्यात आला. लकवा झालेल्या माणसाला घरच्याच कोणीतरी शिकून रोज व्यायाम दिला, तर हातपाय लवकर सुधारतात का, हे त्यांना बघायचं होतं. निम्म्या घरांना नेहमीचा सल्ला, निम्म्या घरांना हा व्यायाम. वर्षानं दोन्हींची तुलना. गुण आला तर जिल्हाभर कायमची सोय होणार होती, म्हणजे गावोगाव शिकवायला माणूस येणार होता. अभ्यासाचे प्रमुख डॉ. प्रभुलिंग, कन्नड आणि इंग्रजी बोलणारे, अतिशय सज्जन. मराठीचा मात्र त्यांना गंध नाही. म्हणून दुभाषी हवा होता, आणि कोणीतरी माझं नाव सुचवलं. तिन्ही भाषा येतात, गावोगाव विद्यार्थी आहेत, रिकामा बसलेला आहे. मी कोटाला इस्त्री करून हजर झालो.

वरून एक अट होती. अभ्यास कसा चालावा हे ठरवणाऱ्या समितीत डॉक्टरांबरोबर रुग्णांच्या घरातलं एक माणूस हवंच. ते निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी शिवकन्येचं नाव दिलं. वाचता लिहिता येतं, धीट आहे, असं मी कागदावर लिहिलं. खरं कारण वेगळं होतं. माझ्याच हाताखालून गेलेली मुलगी आहे, मी सांगेन तेवढं बोलेल, असं मला वाटलं होतं.

श्रीपतरावांचं घर व्यायामाच्या निम्म्यात आलं होतं. पहिल्या दिवशी मी स्वतः मेहकरला गेलो. व्यायाम शिकवणारा सिद्धप्पा होता, कलबुर्गीकडचा, दर सोमवारी मोटारसायकलवरून घरोघर फिरायचा. त्यानं श्रीपतरावांचा हात उचलून, मनगट वळवून, बोटं एकेक करून उघडून दाखवली. शिवकन्या उंबऱ्याच्या आत उभी, डोक्यावर पदर, मान हलवत होती. सिद्धप्पानं एक तक्ता दिला. महिन्याच्या तीस ओळी, प्रत्येक ओळीत दोन चौकोन, सकाळी अकरा आणि दुपारी चार. व्यायाम झाला की चौकोनात बरोबरची खूण करायची. वर लिहिलं होतं, व्यायाम देणारी व्यक्ती: सून, शिवकन्या. घरी दिवसभर असणारं माणूस कोण, असं अर्जात विचारलं होतं आणि आम्ही सगळ्या घरांत सुनेचं नाव घातलं होतं. मीच घातलं होतं, माझ्या अक्षरात.

आता आमच्या भागातलं कुठलंही शेंबडं पोरसुद्धा सांगेल की सून सासऱ्याच्या हाताला हात लावत नाही. पाया पडते, ताट वाढते, समोर बसत नाही. हे मला माहीत नव्हतं का? माझ्याच घरात माझी आई माझ्या आजोबांशी कधी तोंड वर करून बोलली नाही. पण तक्ता छापील होता, संस्था बंगळूरची होती, आणि छापलेल्या रकान्यापुढे माझी अक्कल नेहमीच गहाण पडते.

निघताना मी श्रीपतरावांना विचारलं, बरं झाल्यावर काय करायचं मनात आहे? ते काही बोलायच्या आत सुशीलाबाई म्हणाल्या, "त्यांचं एकच हाय, सर. येळवशीला रानात आंबील आपल्या हातानं शिंपायची. यंदा धनराजनं शिंपली तर चार दिस नीट जेवले न्हाईत."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं घालायचं, आत पूजा मांडायची, शेंगा-भाज्यांची भज्जी आणि ज्वारी-ताकाच्या आंबिलीचं जेवण, आणि घरच्या कर्त्यानं उजव्या हातानं आंबील शिंपडत पिकाभोवती फिरायचं. श्रीपतराव तेव्हा खाली बघत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "पुढच्या येळवशीला तुम्हीच शिंपाल, श्रीपतराव. मी जेवायला येतो." असली आश्वासनं द्यायला माझ्यासारख्याला काही खर्च पडत नाही.

तीन महिन्यांनी समितीची पहिली बैठक बिदरला झाली. मोठा पडदा, पडद्यावर दिल्लीचे आणि कुठले कुठले तज्ज्ञ, खोलीत आठ दहा माणसं. सगळं इंग्रजीत. शिवकन्या माझ्या शेजारी बसली होती, हिरवं लुगडं, हातात वही. सुरुवातीलाच डॉ. प्रभुलिंगांनी आकडे दाखवले. शंभरातल्या ब्याण्णव दिवशी व्यायाम झाला होता. पडद्यावरच्या एका बाईंनी कौतुक केलं, बिदरची घरं इतर सगळ्या जिल्ह्यांना धडा आहेत असं म्हणाल्या, आणि मी मान अशी ताठ केली की जणू ते ब्याण्णव मीच मिळवले होते. मग डॉक्टर म्हणाले, आता घरच्या प्रतिनिधींना बोलू द्या.

मी शिवकन्येकडे वळून म्हणालो, "बोल. थोडक्यात."

ती वही न उघडताच बोलायला लागली.

"साहेब, माझा पहिल्या महिन्याचा कागद खोटा हाय. तो धरू नका. अप्पाच्या हाताला मी हात लावलाच न्हवता. सून सासऱ्याला हात कसा लावल? पण कागदावर माझं नाव घातलंय, अन् चौकोनात खूण करायचीच जागा हाय. न्हाई झालं, असं लिवायला जागाच न्हाई. कोरा ठेवला तर आत्या, म्हंजे माझी सासू, म्हणणार, लोकांपुढं घराची अब्रू घालवलीस. म्हणून खूण केली. मी एकटीच न्हाई. पिठाच्या गिरणीवर मी सात जणींना विचारलं, आमच्या गावच्या अन् शेजारच्या. सहा जणी नुस्ती खूण करायल्यात."

मी ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. ती पुढे बोलतच होती.

"मग मला वाटलं, अप्पाचा हात असाच जाईल. एक दिवस मी त्यांच्या हातावर टावेल टाकला अन् टावेलावरून धरला. अप्पानं तोंड भिंतीकडं केलं. मी बी त्यांच्याकडं बघितलं न्हाई. आठ दिस असंच. नवव्या दिशी मला भाकरीनं वेळ झाला, तर अप्पा आतून म्हणले, 'आज कामून उशीर?'" इथे ती हसली. "आता बोटं उघडायलेत, साहेब. पेला धरायलेत. म्हंजे इलाज चांगला हाय, पण आमच्या घरांत तो होईना झालाय. माझं म्हणणं एवढंच हाय, वेळ पहाटे सहाची करा. तवा पोरं रानात गेलेली नसतात, बापाला लेक हात लावील. सुनंचं नाव काढा. अन् कागदावर न्हाईची जागा करा. आमी न्हाई लिवलं तर कुणी रागवू नका."

ती थांबली. खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगून पाहिलं. सिद्धप्पाची नोकरी जाईल, असं आलं. अभ्यास बंद पडेल, असं आलं. ही सगळी नंतर जमवलेली सोंगं. तेव्हा आली ती लाज, दुसरं काही नाही. आमच्या सुना कागदावर खोटं लिहितात, आमच्याकडे आजारी माणसाला हात लावायलाही आडपडदा आहे, हे त्या पडद्यावरच्या लोकांपुढे माझ्या तोंडानं जायचं? आत्ताच ज्यांनी आम्हाला शाबासकी दिली त्यांच्यापुढे? आणि शिवाय, एवढं सगळं तिला विचारलं होतं कोणी?

मी घसा साफ केला आणि इंग्रजीत दोन वाक्यं बोललो. घरातली माणसं मनापासून सहकार्य करत आहेत आणि रुग्णांना गुण दिसतो आहे. सकाळची वेळ थोडी लवकर ठेवल्यास सोयीचं होईल, अशी त्यांची सूचना आहे.

पडद्यावर माना हलल्या. वेळ आता मध्येच बदलता येणार नाही असं कोणीतरी म्हणालं, आणि चहा आला.

परतीच्या जीपमध्ये शिवकन्या वही मांडीवर धरून बसली होती. हुमनाबादचा फाटा गेल्यावर म्हणाली, "सर, मी एवढं बोलले अन् तुमी दोन वाक्यांत संपिवलंत?"

"इंग्रजी आटोपशीर असतं," मी म्हणालो.

"समदं बसलं त्यात?"

"बसलं."

"मग ते काय म्हणले?"

"विचार करतो म्हणाले."

तिनं मान हलवली आणि वही पिशवीत ठेवली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? मी तिचा सर होतो.

गावात जाऊन तिनं गिरणीवर सगळ्यांना सांगितलं, मी वर सांगून आले, आता कागद बदलतील. पुढच्या महिन्यात सिद्धप्पानं नवे तक्ते आणले. तेच दोन चौकोन, तीच अकराची वेळ. बायका तिला म्हणायला लागल्या, "काय अक्का, कागद कधी बदलायलाय?" तिनं एकदोनदा मला फोन केला. मी म्हणालो, वरचं काम सावकाशीनं होतं. नंतर तिनं फोन करणं सोडलं. समितीच्या पुढच्या दोन बैठका पडद्यावरच झाल्या, आणि तिला बोलवायचं माझ्याकडे असूनही मी बोलावलं नाही. मेहकरला नेटचा भरवसा नाही, असं मी कळवलं.

त्या वर्षीच्या येळवशीला मी त्यांच्या रानात जेवायला गेलो, कबूल केल्याप्रमाणे. हरभरा फुलावर होता. श्रीपतराव कोपीतून काठी टेकत बाहेर आले. काठी धनराजनं घेतली आणि तो त्यांना कमरेशी धरून चालू लागला. शिवकन्येनं आंबिलीचं भांडं दोन पावलं मागून धरलं होतं. श्रीपतरावांनी उजवा हात त्यात बुडवला, खालून डाव्याचा टेकू दिला आणि शिंपडलं. निम्मी आंबील त्यांच्याच धोतरावर सांडली. पण हात उचलला होता. सगळं रान फिरता आलं नाही, एक बाजू झाली आणि ते दमून बसले. सुशीलाबाई डोळे पुसत मला म्हणाल्या, "सर, तुमचे लई उपकार झाले."

मी आंबिलीचा पेला खाली ठेवला. गुण माझ्या डोळ्यांसमोर होता. एका घरात हात खरोखर धरला गेला आणि एका घरात तो उठला. बाकीच्या घरांत खुणा होत होत्या. अभ्यास संपायला अजून पाच सहा महिने होते. त्याच दुपारी, तिथूनच डॉक्टरांना फोन लावला असता तरी चाललं असतं. मी लावला नाही. आता सांगायचं तर आधी का सांगितलं नाही हेही सांगावं लागलं असतं.

जूनमध्ये अभ्यास संपला, सिद्धप्पाची फेरी थांबली. अहवाल यायला पुढचा फेब्रुवारी उजाडला. डॉ. प्रभुलिंगांनी दोन प्रती पाठवल्या, एक माझी, एक शिवकन्येची. निष्कर्ष असा होता की घरच्या माणसांनी दिलेल्या व्यायामाचा नेहमीच्या सल्ल्यापेक्षा काही जास्त उपयोग दिसला नाही, व्यायाम नियमित होऊनही दिसला नाही. सबब ही सोय पुढे चालवण्याची शिफारस करता येत नाही. व्यायाम नियमित होऊनही. त्या तीन शब्दांवर माझी नजर अडकून राहिली. जिल्हाभर जो माणूस फिरणार होता, तो आता फिरणार नव्हता.

शेवटच्या पानावर आभार होते. शिवकन्येचं नाव होतं. त्याच्या आधीच्या परिच्छेदात लिहिलं होतं की रुग्ण प्रतिनिधींनी कोणतीही अडचण नोंदवली नाही.

तिची प्रत घेऊन मी मेहकरला गेलो. श्रीपतराव बाजेवर बसले होते. उजवा हात मांडीवर, बोटं मिटलेली, खांदा वर चढलेला. मी शिवकन्येला विचारलं, हे कसं झालं?

"दिवाळीच्या सुमाराला खांदा दुखायला लागला, सर. हात उचलला की अप्पा कळवळायचे. उचलावा का उचलू नये, ते कळंना. सिद्धप्पाअण्णाचा फोन लागंना, दवाखान्यात गेलो तर गोळ्या दिल्या. मला भ्या वाटलं, माझ्या हातानं काही मोडायला नको. म्हणून सोडलं." तिनं बाजेकडे पाहिलं. "यंदा येळवशीला रानात आलेच न्हाईत. घरीच बसले."

सुशीलाबाईंनी चहा ठेवला. शिवकन्येनं अहवाल हातात घेतला, पानं उलटली. पुस्तिका कन्नडमध्ये होती आणि तिचं कन्नड बाजारापुरतं. आपलं नाव मात्र तिनं शोधून काढलं, त्याच्यावर बोट ठेवलं आणि चेहरा एकदम उजळला. "सर, माझं नाव छापलंय की! माझं बोलणं बी छापलंय का? वाचून दाखवा."

तेव्हाही मला खोटं बोलता आलं असतं. तिला ते कळलं नसतं. पण तिचं बोट त्या ओळीवर होतं, आणि मी वाचलं, मराठीत, जसंच्या तसं. रुग्ण प्रतिनिधींनी कोणतीही अडचण नोंदवली नाही.

मग मी सगळं सांगितलं. ती दोन वाक्यं कोणती होती, ते सांगितलं. इंग्रजी आटोपशीर असतं, हे खोटं होतं, तेही सांगितलं. एवढ्या वर्षांत विद्यार्थ्यापुढे चूक कबूल करायची ही माझी पहिलीच वेळ.

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे तुमी सांगितलंच न्हाई."

"नाही."

"अन् मी गिरणीवर समद्यांना सांगत बसले, सांगितलंय म्हणून." तिनं पुस्तिका मिटली, पदरानं पुसली आणि कोनाड्यात ठेवली. "चहा घ्या सर, गार होईल."

मी तो चहा कसा प्यालो कोण जाणे. घरी आल्यावर डॉ. प्रभुलिंगांना फोन केला आणि त्यांनाही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, अहवाल आता मागे घेता येतो का ते बघावं लागेल, नवीन अभ्यास मागायचा तर आधी नेमकं काय झालं हे लिहून द्यावं लागेल, आणि ते त्या बाईंच्याच तोंडून यायला हवं. त्यांनी मला एकही कडू शब्द सुनावला नाही. सज्जन माणसं अशी शिक्षा देतात.

पंधरा दिवसांनी ते स्वतः आले. आम्ही मेहकरला गेलो. ओट्यावर सतरंजी टाकली होती. श्रीपतराव बाजेवर, शिवकन्या उंबऱ्याच्या आत, डोक्यावर पदर. डॉक्टरांनी वही उघडली. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, ही बाई भरभरून बोलते, मध्ये थांबवू नका, मी शब्द न् शब्द सांगतो. मीही खिशातून कागद काढला होता. काही निसटू नये म्हणून लिहून घेणार होतो.

डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, मी मराठीत. "तक्त्यावर खुणा होत्या, त्या सगळ्या दिवशी व्यायाम झाला होता का?"

"न्हाई," शिवकन्या म्हणाली.

आम्ही तिच्या पुढच्या वाक्यासाठी थांबलो.

"का झाला नाही?"

"जमलं न्हाई."

"बाकीच्या घरांतही असंच झालं का?"

"बाकीच्या घरचं त्यांनाच विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हणालो, "शिवकन्या, त्या दिवशी सांगितलंस ते सगळं सांग. टॉवेलाचं, सहाच्या वेळेचं, गिरणीवरचं. साहेब त्यासाठीच आलेत. मी एक अक्षर गाळणार नाही."

तिनं मान खाली घातली. उंबऱ्यावर सांडलेला ज्वारीचा एक दाणा उचलला आणि परातीत टाकला. श्रीपतराव डाव्या हातानं उजवी बोटं उघडायचा प्रयत्न करत होते, ती उघडत नव्हती, तिचं लक्ष तिकडे गेलं आणि परत आलं.

शेवटी डॉक्टरांनीच वही मिटत अगदी मऊ आवाजात विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का? मी तो प्रश्न तिला विचारला. तिनं डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई, सर. विचारलं तेवढं सांगितलं."

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना ते वाक्य कन्नडमध्ये सांगितलं, जसंच्या तसं, काही न गाळता. तिचं तेवढंच एक वाक्य माझ्या हातून पूर्ण पोचलं.